येळवशीचा नीलांग

"आलं बघ तुझं निळं," आत्या फोनवर म्हणाली. आधी 'कशी आहेस' नाही, 'जेवलीस का' नाही. "सकाळपासनं लिंबाच्या शेंड्यावर बसून राहिलंय. औंदा जरा वाळल्यागत दिसतंय. तिकडं खायला भेटंना का काय त्याला?"

तिकडं म्हणजे हिमालयात. आत्याच्या मते हिमालय हे त्या पाखराचं सासर. तिथं त्याला राबवून घेतात, पोटभर घालत नाहीत, म्हणून ते थंडीत माहेरी येतं. मी तिला सांगून पाहिलं की खरं तर उलट आहे. ते जन्मतं तिकडं, घरटं तिकडं करतं, गाणंसुद्धा तिकडच्याच रानात म्हणतं, इकडं फक्त थंडी काढायला येतं. त्यावर ती म्हणाली, "जन्मलं कुठं ते मला सांगू नको. निवांत कुठं बसतंय ते बघ. निवांत बसता येतं ते माहेर."

मी नांदेडला एका छापखान्यात मुद्रितं तपासते. शब्दांच्या बाबतीत लोक माझं ऐकतात. आत्या ऐकत नाही.

त्या पाखराचं पुस्तकातलं नाव नीलांग. अंगानं चिमणीएवढंच, पण बसायची ऐट मोठ्या पक्ष्याची. रंग सांगायचा तर फवारणीचा मोरचूद असतो ना, त्याचा खडा पाण्यात भिजल्यावर जसा दिसतो तसा. डोळ्यापासून चोचीपर्यंत काजळाचा फराटा. झाडाच्या अगदी टोकाच्या, उघड्या काटकीवर ताठ बसायचं, हवेत एखादी माशी दिसली की झेप टाकायची, गिरकी घ्यायची, आणि चोच मिटून परत फांदीवर. लातूर जिल्ह्यातल्या काळ्या रानात, जिथं झाड म्हणजे विहिरीवर एक कडुलिंब आणि बांधावर आणखी दोन, तिथं हा देवदाराच्या जंगलातला पक्षी दर हिवाळ्याला काय बघून उतरतो, ते मला अजून कळलेलं नाही.

तो पहिल्यांदा दिसला तो दिवस मला पक्का आठवतो, कारण त्या दिवशी शेताची मोजणी होती.

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. बाबा एसटीत कंडक्टर होते. नोकरी एसटीची, पण खरा धंदा पत्रकं लिहिण्याचा. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले: ब बंदचा, म मोर्चाचा, ह हक्काचा. आई उरलेल्या पत्रकांच्या पुड्या करून मोहरी-जिरं ठेवायची, त्यामुळं आमच्या फोडणीलासुद्धा मागण्यांचा वास होता. बाबांचं एक पत्रक वर्षानुवर्षं चालू होतं: लेकीचा वाटा लेकीला द्या. गावोगावच्या स्टँडवर त्यांनी ते वाटलं. आणि मग आजोबा गेले, शेताच्या वाटणीची वेळ आली, आणि भावकीनं नेहमीप्रमाणं सांगितलं की बहिणीला तहसीलला न्या, हक्कसोडीवर सही घ्या, साडी-चोळी करा, विषय संपवा.

मला हे सगळं ऐकताना आजही संताप येतो. हक्कसोड हसत-खेळत, पेढा देऊन करतात. बाईनं सही केली की म्हणतात, किती मोठ्या मनाची आहे. नाही केली की म्हणतात, भावाच्या जिवावर उठली. मोठं मन फक्त तिनंच दाखवायचं, आणि तेसुद्धा एकदाच, अंगठा किंवा सही करून.

बाबा म्हणाले, "सही करायची न्हाई."

गंमत म्हणजे आत्याच तयार होती सही करायला. "दादा, मला वाटा नको. मला माहेर पायजे. उद्या गावात पाय ठेवला तर कोणी या म्हननार न्हाई."

"स्वतःच्या शेतात पाय ठेवायला कोणी या म्हनायला लागत न्हाई," बाबा म्हणाले. "तीस वर्षं मी लोकांच्या बहिणींसाठी कागद वाटले. आता तू सही केलीस तर मी ते कागद कुठल्या तोंडानं वाटू?"

"म्हंजी तुझ्या कागदासाठी माझं भांडण लावतो का?"

"हाव," बाबा म्हणाले. ते खोटं बोलत नाहीत, हा त्यांच्याबरोबर राहण्यातला मोठा त्रास आहे.

आत्या हसली, आणि तिनं सही केली नाही.

बाबांचे चुलतभाऊ, म्हणजे आमचे काका, आजोबा थकल्यापासून ते शेत बटईनं कसत होते. शेजारचं रान त्यांचंच. म्हणून मोजणीच्या दिवशी बांधावर त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मोजणीवाले टेप धरून उभे, काका एका दगडावरून आणि बाबा दुसऱ्या दगडावरून भांडत होते, आणि आत्या मात्र वर बघत होती.

"त्या लिंबाला कोणाच्या साडीचा तुकडा अडकलाय गं?" तिनं मला हळूच विचारलं.

त्या तुकड्यानं माशी धरली.

पुरुषमाणसं बांधावर हातभर जमिनीसाठी घसा फोडत होती, आणि आम्ही दोघी विहिरीच्या कट्ट्यावर बसून माना वर करून बघत होतो. मोजणी संपल्यावर काकांनी विचारलं, "तुम्ही काय आभाळ मोजता का?" आत्या म्हणाली, "हाव अण्णा, ते पण निम्मं माझं हाय."

नंतर शिमग्याच्या सुमाराला तिचं नाव सातबाऱ्यावर लागलं. निम्मं तिचं, निम्मं बाबांचं, आणि कसायचं दोन्ही तिनंच असं ठरलं. आत्याचे यजमान, आमचे मामा, लातूरला गॅरेजमध्ये कामाला. ते रविवारी येऊन मोटार दुरुस्त करायचे, बाकी शेत तिचं.

आता पुढचं समजायला येळवस काय असते ते सांगते, कारण पुण्याच्या माणसाला सांगितलं की तो 'वेळ अमावस्या' असं दुरुस्त करतो आणि तरी त्याला काही कळत नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या भागातला शेतकरी घराला कुलूप लावून रानात जातो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, म्हणजे छोटं खोपट. तिच्यात चुन्याने रंगवलेले दगड मांडून पांडव म्हणून त्यांची पूजा. मग आंबिलीची घागर घेऊन सगळ्या शेताला फेरी मारायची, चारी कोपऱ्यांवर आंबील शिंपडायची आणि ओरडायचं: ओलगे, ओलगे, सालम पोलगे! अर्थ विचारू नका. कानडी मुलखातून आलंय म्हणतात, आणि रानाला कळतंय तेवढं पुरे. मग जेवण. भज्जी, म्हणजे सगळ्या शेंगा-भाज्यांची मिळून केलेली पातळ भाजी, वाफवलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, आंबील. आणि त्या दिवशीचा कायदा एकच: ज्याचा पाय तुमच्या रानात पडला तो जेवल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही. ओळखीचा असो, वैरी असो, वाट चुकलेला असो. त्या दिवशी लातूर शहरात चहाची टपरीसुद्धा उघडी नसते. सगळे कुणाच्या ना कुणाच्या कोपीत बसलेले असतात.

आत्याची ही पहिली येळवस. आणि काका पारावर बोलून बसले होते: "लेकीबाळींनी माहेरच्या मातीत येळवस घालायची न्हाई. तिच्या कोपीत गावातलं कुत्रं जाणार न्हाई."

हे आत्याला गिरणीत कळलं. ती रडली नाही, भांडली नाही. तिनं वालाच्या शेंगा, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे जमवायला सुरुवात केली. मला फोनवर म्हणाली, "गावातली माणसं जेवली पायजेत माझ्या कोपीत. तुझे ते पाखरं बघणारे दुर्बिणवाले आले तर येऊ दे, पोटभर घालते. पण त्यांना मी हिशेबात धरणार न्हाई. भावकीतलं एक जरी मानूस माझ्या ताटाला बसलं, तर मी म्हनेन हे शेत माझं. न्हाईतर कागदावर काय, कागदावर तर तुझा बाप रोज जग बदलतो."

आणि मग "आलं बघ तुझं निळं" म्हणणारा तो फोन आला.

मी त्या रात्रीच पत्रक लिहायला बसले. दुसरं काही मला येतच नाही. मला वाटलं, माणसं आत्यासाठी येणार नसतील तर पाखरासाठी येतील. हिमालयातून उडत आलेला पक्षी आपल्या गावात, हे ऐकून कोण घरी बसेल? मथळा मोठा केला, उद्गारचिन्हं तीन दिली. नीलांगाचा रंग, त्याचं रान, त्याचा प्रवास, तो पिकावरचे किडे कसे खातो ते सगळं लिहिलं. गलोल बंद, गोफण बंद. शेवटी: येळवशीला सकाळी विहिरीवरच्या लिंबाखाली या. झाडाजवळ शांतता पाळा.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "मागणी कुठंय?"

"कसली मागणी? पक्षी बघायला बोलावलंय."

"मागणी नसली तर त्याला लग्नपत्रिका म्हनतात," बाबा म्हणाले, पण त्यांनी एक स्वल्पविराम काढला, म्हणजे त्यांना आवडलं होतं.

छापखान्याच्या मालकानं उरलेल्या हिरव्या कागदावर काढून दिलं. येळवशीच्या आदल्या दिवशी मी गावात पोहोचले आणि थेट गिरणीत गेले, कारण त्या दिवशी उंड्यांच्या पिठासाठी अख्खं गाव तिथंच उभं असतं. सगळ्यांनी पत्रकं घेतली. आमच्याकडं फुकट कागदाला कोणी नाही म्हणत नाही.

"निळं म्हंजी चास का?" एका आजीनं विचारलं.

"चास मोठा असतो आजी. हे चिमणीएवढं."

"मग खाऊन कितीसं पुरणार?"

"खायचं नाही, बघायचं!"

"येळवशीला नुसतं बघाय कोण येतं गं?" गिरणीवाला पट्ट्यावरून ओरडला आणि सगळे हसले. मीही हसले. तो काय म्हणाला ते माझ्या डोक्यात तेव्हा शिरलंच नाही. मी विचारत राहिले, "उद्या येणार ना?" बायका डब्याची झाकणं घट्ट करायला लागल्या. "बघू," एक म्हणाली. "आमच्यात पाव्हने हायेत," दुसरी म्हणाली. पीठ डोक्यावर घेऊन सगळ्या गेल्या, आणि माझ्या लक्षात आलं की पाखराबद्दल सगळ्यांनी विचारलं, आत्याबद्दल एकीनंही नाही.

सकाळी धुकं होतं. ज्वारी कमरेच्या वर आलेली, हरभऱ्यावर दव, त्यामुळं पायजमा गुडघ्यापर्यंत आंबटओला. नांदेडहून आमच्या पक्षी बघणाऱ्या गटातले लोक जीप करून आले: दोन कॉलेजच्या पोरी, एक पोस्टातले कारकून, आणि एक दातांचे डॉक्टर, ज्यांच्या कॅमेऱ्याची नळी आत्याच्या पाणी द्यायच्या पाइपाएवढी होती. नीलांग जागेवर हजर. ऊन चढलं तसा त्याचा निळा रंग पेटल्यासारखा झाला. डॉक्टर हरभऱ्यात आडवे झाले आणि त्यांनी कॅमेऱ्याची नळी वर रोखली. पोरी एकमेकींचा हात दाबत होत्या. मी त्या क्षणी जगातल्या सगळ्या मागण्या मान्य झाल्यासारखी खूश होते.

गावाकडून मात्र कोणी आलं नाही. लांबून बैलगाड्या, मोटारसायकली, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका दिसायच्या, जवळ यायच्या, आणि वळून आपापल्या रानात जायच्या. बांधापलीकडं काकांची कोप होती. काका तिच्यापुढं घोंगडीवर बसले होते, पाठ आमच्याकडं करून.

आत्यानं पूजा केली. बाबा देवाजवळ बसत नाहीत, ते विहिरीच्या कट्ट्यावर बसून कांदा चिरत होते आणि दर थोड्या वेळानं विचारत होते, "झालं का तुमचं? भज्जी गार होऊन राहिली." भज्जीचं पातेलं एवढं मोठं होतं की मामांनी ते गॅरेजमधल्या जीपमधून आणलं होतं. आत्यानं झाकण उघडून बघितलं, गावाकडच्या वाटेकडं बघितलं, आणि झाकण परत ठेवलं. हे तिनं बऱ्याचदा केलं.

मग ती उठली. पदर खोचला. मामांच्या हातात आंबिलीची घागर दिली आणि स्वतः लिंबाचा डहाळा घेतला.

डॉक्टर हरभऱ्यातून रांगत माझ्याकडं आले. "ताई, त्यांना सांगा ना, जरा सावकाश. ओरडल्या तर पक्षी उडेल. फक्त थोडा वेळ. ऊन आता कुठं बरोबर पडलंय." आणि खिशातून माझंच हिरवं पत्रक काढून त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

मी गेले आत्याकडं. कशी गेले कोण जाणे. "आत्या, फेरी शांतपणे मारता येईल का? नुसतं शिंपडत? पक्षी…"

आत्यानं माझ्याकडं असं बघितलं की घागर धरलेले मामासुद्धा एक पाऊल मागं सरकले.

"माझा बाप ह्या रानात ओरडला," ती म्हणाली. "मग अण्णा ओरडला. मी लहानपणी घागर धरून मागं पळायची. तोंड उघडलं की आई म्हनायची, गप, पोरीनं ओरडायचं नसतंय. पन्नास वर्षं गप बसले. आन् आता माझ्या स्वतःच्या रानात तू मला गप म्हन्तीस? तू? एवढी कागदं वाटनारी?"

तिच्यामागून बाबांचा आवाज आला, "ही मागणी रास्त आहे." आणि कांदा चिरल्याचा आवाज परत सुरू झाला.

मी बाजूला झाले. दुसरं काय करणार? त्या पत्रकातली ती ओळ लिहिताना मला ना शिंपडणं आठवलं होतं, ना जेवण, ना कोणाच्या रानात मी लोकांना बोलावते आहे ते. मी फक्त झाड बघितलं होतं.

आत्या पहिल्या कोपऱ्यावर गेली, डहाळा बुडवला, आंबील उडवली आणि ओरडली.

"ओलगे, ओलगे, सालम पोलगे!"

मी तिचा आवाज आयुष्यभर ऐकलाय, पण हा नाही. तो ज्वारीवरून गेला, तुरीवरून गेला, लांबच्या पाझर तलावाच्या भिंतीवर आपटून परत आला असावा, कारण तो दोनदा ऐकू आला. काका घोंगडीवर ताठ झाले. पाठ मात्र वळली नाही. दुसऱ्या कोपऱ्यावर ती आणखी मोठ्यानं ओरडली. मामा घागर सांभाळत तिच्या मागं धावत होते आणि अर्धी आंबील त्यांच्या शर्टावर होती. तिसरा कोपरा लिंबाजवळचा. डॉक्टरांनी डोळे मिटले.

"ओलगे, ओलगे…"

नीलांग उडाला. घाबरून नाही, मला तर तो कंटाळून उडाल्यासारखा वाटला. एक गिरकी मारली, बांध ओलांडला आणि काकांच्या विहिरीजवळच्या आंब्याच्या शेंड्यावर जाऊन बसला. तिथून त्यानं एक माशी धरली, आमच्याकडं बघत.

आणि डॉक्टर, दोन्ही पोरी, पोस्टातले कारकून, चौघेही, कॅमेरे आणि दुर्बिणी छातीशी धरून, वाकून, चोरपावलांनी, बांध ओलांडून काकांच्या रानात शिरले.

मी ओरडणार होते, "अहो, तिकडं नका!" पण शांतता पाळायची होती. आणि तेवढ्यात मला दिसलं की काकू कोपीतून बाहेर आल्या आणि चौघांना बघून त्यांचा चेहरा उतरला. येळवशीच्या दिवशी चार माणसांचे आठ पाय त्यांच्या रानात पडले होते.

काकांनी एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा पाहुण्यांकडं. दातांच्या डॉक्टरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते आंब्याकडं बोट दाखवून काकांना कुजबुजून सांगत होते, "काका, तुमच्या झाडावर आलाय! नशीब बघा तुमचं!" काका काय करणार? तोंडातून शब्द आले ते पिढ्यानपिढ्यांचे: "या. बसा. जेवा."

ते जेवले. सकाळी नांदेडहून उपाशीपोटी निघालेली ती माणसं. डॉक्टर तर मी नंतर ऐकलं त्याप्रमाणं उंडे मोजत नव्हते, फक्त वाढून घेत होते. आणि काकांच्या जावयाकडचे पाहुणे त्याच वेळी आले, तेही भरल्या गाडीनं. आत्याची फेरी संपून ती कोपीपाशी येऊन बसली, घशाला कोरड, डोळे चमकत होते, तेव्हा बांधावर काकू उभ्या होत्या. हातात रिकामं पातेलं, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला.

"बाई," काकू म्हणाल्या, बांधावरूनच. "भज्जी हाय का थोडी? पाव्हने आलेत. आमची सपली."

बाबांचा चाकू थांबला. त्या एका वाक्यासाठी काकू घरी काय ऐकून घेणार होत्या ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

आत्याला चार शब्द सुनावायची संधी होती. मी असते तर सुनावले असते. माझ्याकडं तयार होते, मथळ्यासकट. आत्यानं फक्त झाकण काढलं. भज्जीचा वाफारा उठला.

"पातेलं भरून देते वहिनी. तूर, वाल, सगळं घातलंय. पण आधी ये, बस. रानात पाय ठेवलास, दोन घास खाल्ल्याबगर कशी जाशील?"

"बांधावर हाय मी. रानात न्हाई."

"बांध निम्मा माझा हाय," आत्या म्हणाली. "मोजलाय. तुझा उजवा पाय माझ्या रानात हाय बघ."

काकूंनी खाली बघितलं. मग त्यांना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या हसल्या आणि हसत हसत दुसराही पाय अलीकडं टाकला. कोपीपुढं बसल्या. आत्यानं त्यांना उंडा कुस्करून भज्जी वाढली, वर तेल सोडलं. पहिला घास घेताना काकूंनी एकदा मागं वळून बघितलं, दुसरा घेताना नाही.

मग त्यांना बोलवायला त्यांची सून आली. तिला आत्यानं तिळाची पोळी दिली. सुनेला शोधत तिची दोन लेकरं आली, त्यांनी बाबांच्या मांडीवर बसून आंबील प्यायली आणि सांडली. मग पलीकडच्या रानातून गिरणीत भेटलेली आजी काठी टेकत आली, म्हणाली, "मी पाखरू बघाय आलेय," आणि पाखराकडं न बघता पातेल्याकडं बघून बसली. काका मात्र तिकडं घोंगडीवर एकटे, आणि त्यांचे पाहुणे पक्ष्याखाली.

शेवटी ते आले. आम्ही सगळे दुसरीकडं बघत असल्याचं नाटक करत होतो. त्यांच्या हातात माझं हिरवं पत्रक होतं. डॉक्टरांनी दिलं असणार.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हणाले.

"ह्यात लिहिलंय की पाखरू हिच्या लिंबावर राहतंय. खोटं हाय. सकाळपासनं माझ्या आंब्यावर हाय ते. तुमच्याकडं नुसतं येतंय, राहतंय आमच्याकडं."

"सकाळपासून आमच्याकडं होतं, अण्णा," आत्या म्हणाली. "आत्ता गेलंय तुमच्याकडं."

"गेलं म्हंजी माझंच."

"मग बोलवा मोजनीवाले," आत्या म्हणाली. "पाखराची पण वाटनी करून टाकू. शेपटीकडची बाजू मला, चोच तुम्हाला. बोलायला लई लागते तुम्हाला चोच."

आजी फुटून हसली. सून पदरात हसली. बाबा एवढं जोरात हसले की लेकरू मांडीवरून घसरलं. काकांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते त्यांनी खोकल्यात घातलं. आणि खोकता खोकता ते खाली बसले, घोंगडी नसलेल्या जमिनीवर, आत्याच्या कोपीपुढं.

आत्यानं ताट वाढलं. काकांनी उंडा फोडला, भज्जीत बुडवला आणि खाल्ला. काकू हातातला घास धरून थांबल्या होत्या.

"मीठ कमी हाय," काका म्हणाले.

"मीठ हाय बरोबर. तुमची जीभ खारट झालीया, बोलून बोलून."

काकांनी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. मग ताट पुढं सरकवून, तिच्याकडं न बघता, रिकामी वाटी उचलून तिच्यासमोर धरली.

"आंबील वाढ," ते म्हणाले. "आन् जरा ओरडताना शेवटचा कोपरा हळू घेतलास. तुझा बाप तिथं लई मोठ्यानं ओरडायचा. फुडल्या येळवशीला तिथं ओरड नीट."

आत्यानं वाटी काठोकाठ भरली. आंबील त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली, आणि त्यांनी हात हलवला नाही.